धडगावकडच्या पाड्यावर सोलर चक्की : प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी २०२५

ग्रामसभा झाली, ठराव झाला, सह्या-अंगठे सगळं झालं. नंदुरबार जिल्ह्यातला धडगाव तालुका पेसात (आदिवासी भागात ग्रामसभेला अधिकार देणारा कायदा) येतो, त्यामुळे ग्रामसभेच्या ठरावाशिवाय एक खांबही रोवायचा नाही हे आमच्याकडे पहिल्यापासून पक्कं आहे, कायदा आहे म्हणून तर आहेच पण त्याहून जास्त यासाठी की उद्या प्लेट फुटली, वायर तुटली तर ती कोणाची आणि दुरुस्तीचे पैसे कोण काढणार हे सगळ्यांसमोर आधीच बोललेलं असलं पाहिजे.

जागा दोन निघाल्या. टेकडीवरची एकदम मस्त, सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन, पण ती वनजमिनीत. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) मध्ये शाळा, दवाखाना, रस्ते यांच्याबरोबर अपारंपरिक ऊर्जेच्या सोयीसाठी पण जागा मिळू शकते, एक हेक्टरच्या आत, हेक्टरी ७५ च्या वर झाडं तोडायची नाहीत, ग्रामसभेची शिफारस पाहिजे, पण सोय सरकारच्या ताब्यातली लागते आणि आपली चक्की बचत गटाची. म्हणून शाळेमागची गावठाणातली जागा घेतली, तिथे एक महू (मोहाचं झाड) आहे त्याची सावली चारनंतर येते, चालेल, महू तोडायचा विषयच नाही.

मुख्य गोष्ट म्हणजे पुरुष मंडळी लाईट लाईट करत होती आणि बायका मागे गप्प बसल्या होत्या, मग एक आजी पावरीत (पावरा आदिवासींची बोली) काहीतरी बोलली आणि मागची सगळी लाईन हसायला लागली. पोलीस पाटलांनी मराठीत सांगितलं, की ती म्हणतेय लाईट रात्री दोन तास लागतो, पीठ रोज लागतं. मग कोणी काही बोललंच नाही. चक्की आधी, घरचे दिवे त्याच्यामागून.

११ फेब्रुवारी

घरं बघून आलो. ज्यांनी सातपुडा पाहिला नाही त्यांना वाटतं पाडा म्हणजे गल्लीत एकाला एक लागून घरं. इथे एक घर या टेकडीवर, दुसरं पलीकडच्या टेकडीवर, मधे नाला, प्रत्येकाचं घर स्वतःच्या वावरात. त्यामुळे मधोमध एक मोठा सोलर लावून सगळीकडे वायर फिरवायची ही जी मायक्रोग्रिडची आयडिया प्रत्येक मीटिंगमध्ये कोणीतरी काढतंच, ती इथे बसत नाही. साधा हिशोब, १२ व्होल्टची लाईन अडीच स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरने ३०० मीटर नेली आणि फक्त २ अँपिअर ओढले तर जवळजवळ ९ व्होल्ट वायरच खाऊन टाकते, शेवटच्या घरात बल्ब नुसता लाल दिसणार. जाड वायर घ्या म्हणाल तर वायरचे पैसे प्लेटांच्या वर जातात.

म्हणून घरोघरी वेगळा सेट: ४० वॉटची प्लेट, १२.८ व्होल्ट १२ एएचची लिथियम फॉस्फेट बॅटरी, ५ वॉटचे तीन बल्ब, एक मोबाईल चार्जिंगची पिन. तीन बल्ब पाच तास चालवले तर ७५ वॉट-अवर, मोबाईलचे १०-१५ धरा, बॅटरीत दीडशे आहेत, म्हणजे एक दिवस पूर्ण ढगाळ गेला तरी अंधार होत नाही. रेशनचं रॉकेल आटल्यापासून कोणी चायनाची बॅटरी बाजारातून चार्ज करून आणतं, कोणी खाण्याच्या तेलात वात लावतं.

येताना शाळेजवळ जुन्या कोणत्यातरी योजनेतला सोलरचा खांब पाहिला. प्लेट अजून चांगली आहे, मी फडक्याने पुसून मीटर लावला तर व्होल्टेज बरोबर येतंय! बॅटरीची पेटी उघडी आणि रिकामी. अशी प्लेट २५ वर्षं टिकते, बॅटरी ४-५ वर्षांत जाते, आणि बॅटरी बदलायचे पैसे कोणाच्याच खात्यात नसतात, त्यामुळे खांब मरतो आणि लोक म्हणतात सोलर बेकार. मला या एका गोष्टीचा फार राग येतो. सोलर बेकार नाहीये, त्याच्या मागे माणूस आणि पैसा ठेवलेला नाहीये. आमचं सगळं काम या एका मुद्द्यावर आहे, बाकी प्लेट बसवायला कोणीही बसवतं.

१९ फेब्रुवारी

पैशाची बैठक, गटाच्या बायका, मी आणि बँकेचे साहेब. चक्की, मोटर, ड्राइव्ह (प्लेटांच्या विजेवर मोटर चालवणारं यंत्र), प्लेटा, स्ट्रक्चर मिळून साडेतीन लाखाच्या आसपास जातंय. निम्म्याहून जास्त एका कंपनीच्या सीएसआरमधून (सामाजिक कामाच्या निधीतून), बाकीचं गटाच्या नावावर कर्ज. देणगीवाले म्हणत होते की आम्ही सगळेच पैसे देतो, कर्ज कशाला, गरीब लोक आहेत. मी नाही म्हटलं आणि त्यावर ठाम आहे. ज्या मशीनचा हप्ता गट भरतो त्या मशीनचा आवाज जरा बदलला तरी गटाला कळतं.

साहेबांना महिन्याचा हप्ता पाहिजे होता. बायका म्हणाल्या महिन्याला आमच्याकडे पैसा येतच नाही, तो येतो मे-जूनमध्ये आमचुराचा, दिवाळीनंतर ऊसतोडीची उचल मिळते तेव्हा, आणि थोडा मक्याचा. इथे मला सेल्को या सोलर कंपनीच्या हरीश हांडेंची गोष्ट सांगावीशी वाटली आणि सांगितली. त्यांनी १९९५ मध्ये बेंगळुरूला सेल्को काढली, २०११ ला मॅगसेसे मिळालं, आणि ते स्वतः सांगतात की एका हातगाडीवालीने त्यांना शिकवलं, महिन्याला ३०० रुपये मला जड जातात पण रोजचे १० मी देऊ शकते. रक्कम तीच, पैसा हातात येतो कधी एवढाच फरक. साहेबांनी ऐकून घेतलं, वर विचारतो म्हणाले. (नंतरची भर) आठवड्याने होकार आला: वर्षातून तीन मोठे हप्ते, मधल्या महिन्यांत फक्त व्याज. फार चांगलं झालं. साहेबांचे मनापासून आभार, असं सगळ्यांकडून होत नाही.

६ मार्च

काम बंद. भोंगऱ्या बाजार (होळीआधीचे आदिवासींचे बाजार) सुरू झालेत, नंतर होळी, काठीची राजवाडी होळी पहाटे पेटते आणि धडगाव-अक्कलकुवा दोन्ही तालुक्यांतलं कोण कोण पायी जातं. या दिवसांत इथे कोणाला खड्डा खणायला बोलावणं हेच चुकीचं आहे, आमच्या कॅलेंडरमध्ये हे दिवस आधीपासून रिकामे असतात. देणगीवाल्यांच्या चार्टमध्ये मार्च एंडला ‘इन्स्टॉलेशन पूर्ण’ असं आहे, ते एप्रिल करून घेतलं.

२२ मार्च

सुरतहून माल घेऊन आलो. साक्री तालुक्यातून येताना शिवाजीनगरचा विषय निघाला, महाजनको या सरकारी वीज कंपनीचा १२५ मेगावॉटचा सोलर प्रकल्प, २०१३ चा, केएफडब्ल्यू या जर्मन बँकेच्या कर्जातून झालेला. ड्रायव्हरदादा विचारत होता इतकी वीज आपल्याच खान्देशात तयार होते तर वर डोंगरात का नाही. त्याला सांगितलं की ती ग्रिडमध्ये जाते, आणि ग्रिड डोंगरातल्या शेवटच्या घरापर्यंत न्यायला खांब, डीपी, वायरमन सगळं लागतं, पावसाळ्यात झाड पडून एक खांब गेला तर वर वायरमन पोचायलाच दिवस जातात. मोठे प्रकल्प पाहिजेतच, खान्देशासारखं ऊन कुठे आहे. पण त्याने आपल्या पाड्याचं दळण दळलं जात नाही, त्याला पाड्यावरच चार किलोवॉट लागतात.

घाटात पिकअप गरम झाली, अर्धा तास थांबलो. ८ प्लेटा गाद्यांमध्ये बांधून आणल्या, एकही तडा नाही. कनेक्टर मात्र सप्लायरने दुसऱ्याच मापाचे टाकलेत, बिलावर बरोबर आणि पोत्यात चूक. बदलून मागवलेत.

२ एप्रिल

स्ट्रक्चर उभं झालं. तोंड बरोब्बर दक्षिणेला, कल २१ अंश, इथला अक्षांशच जवळपास तेवढा आहे. पाया खणताना दोन फुटांवर काळा पाषाण लागला, त्यामुळे अर्थिंगचा खड्डा नाल्याच्या बाजूला मऊ मातीत घ्यावा लागला, कोळसा-मीठ भरलं, वर पाइप ठेवला, उन्हाळ्यात त्यातून रोज एक बादली पाणी ओतायचं म्हणून पोरांना सांगून ठेवलंय. सातपुड्यात मे-जूनमध्ये विजा काय पडतात ते इथल्या लोकांना विचारा, अर्थिंगमध्ये काटकसर म्हणजे ड्राइव्ह जाळायची तयारी.

९ एप्रिल

आज खरं काम. ३ एचपीची मोटर बाजारात मिळते ती ४१५ व्होल्टवर स्टारमध्ये (आतल्या तिन्ही वायंडिंगची एकेक टोकं एकत्र) जोडलेली. आपल्याला आठ प्लेटांच्या सिरीजमधून तेवढं व्होल्टेज निघत नाही आणि जास्त प्लेटांचे पैसे नाहीत. मग आमच्या अमळनेरच्या इलेक्ट्रिशियन भाऊने मोटरचं झाकण उघडलं, स्टारची पत्ती काढली आणि तीन पट्ट्या उभ्या लावून डेल्टा (वायंडिंग एकमेकांना त्रिकोणात जोडून) केला, आता तीच मोटर २२०-२४० वर चालते. वरची मोठी मोटर असती तर ही सोय नसती, ती मुळातच डेल्टात येते. बाजूला उभी असलेली वहिनी (गटाने ऑपरेटर म्हणून निवडलेली, दहावीपर्यंत शिकलेली) विचारते, पत्ती परत आडवी लागली तर काय होईल? भाऊ एकदम खूश, “हाई दख, असा प्रश्न कोनीच इचारत नही!” आणि मग त्याने तिला पूर्ण समजावलं.

प्लेटांचं गणित पण लिहून ठेवते, पुढच्या पाड्याला लागेल. एका प्लेटचं ओपन व्होल्टेज (काही न जोडता येणारं) ४९.५, आठ म्हणजे ३९६. थंडीत सकाळी सहा-सात डिग्रीला ते चढून ४१५ च्या आसपास जाणार, आमचा ड्राइव्ह ४५० पर्यंत घेतो म्हणजे चालतंय, नववी प्लेट लावली तर डिसेंबरात ड्राइव्ह ट्रिप, म्हणजे बंद. उलट मेच्या दुपारी प्लेट ६५ डिग्रीला तापली की चालू व्होल्टेज २९० च्या खाली उतरतं, मग ड्राइव्ह फ्रिक्वेन्सी कमी करतो आणि चक्की हळू फिरते. लोकांना वाटतं ऊन जितकं कडक तितकी वीज जास्त. तसं नाही, प्लेटला उजेड पाहिजे, उष्णता नको. फेब्रुवारीचं ऊन तिला सगळ्यात मानवतं.

१६ एप्रिल

चक्की चालू झाली!!!

सकाळी साडेनऊला. नवा दगड, टाकी (छिन्नीने दगडावर पाडलेल्या खाचा) नुकतीच मारलेली, म्हणून पहिले पाच-सहा किलो जाडीभरडी ज्वारी टाकून दगडाची कच काढली, ते पीठ बाजूला. मग आजी आली, तीच ग्रामसभेतली, टोपल्यात मका. ड्राइव्हवर हर्ट्झ (म्हणजे मोटरचा वेग) चढत जाताना वहिनी मोठ्याने वाचत होती, वीस, तीस, चाळीस, अठ्ठेचाळीस, आणि मग तिने हळूच खुटी सैल केली आणि दाणे पडायला लागले. झटका नाही, दिव्याची फडफड नाही. डिझेलची चक्की दोरी ओढून धाडकन सुरू होते, ही आवाज वाढवत वाढवत येते. साधी मोटर सुरू होताना चार-सहा पट करंट ओढते, ड्राइव्ह ते होऊ देत नाही म्हणून एवढ्या थोड्या प्लेटांवर ती चालते.

आजीने पीठ चिमटीत घेतलं, बोटांवर घासलं, जिभेवर ठेवलं आणि म्हणाली अजून बारीक. वहिनीने खुटी फिरवली. दुसऱ्यांदा चिमटी, मान हलवली, झालं. तासाला ३० किलोच्या आसपास निघतंय. आजपर्यंत या बायका दळण डोक्यावर घेऊन दोन टेकड्या उतरून रस्त्यावरच्या चक्कीवर जात होत्या, तिथे डिझेल संपलेलं असेल तर तसंच परत. संध्याकाळी घरी जाताना मी गाडीत रडले. लिहायचं नव्हतं पण लिहिते.

२१ एप्रिल

वहिनीचं ट्रेनिंग. मल्टिमीटरवर इंग्रजी बारीक अक्षरं, डीसी व्होल्टची जागा सापडायला वेळ लागतो आणि चुकून अँपिअरवर राहिला तर मीटर जळतो. तिने घरून लाल नेलपॉलिश आणलं आणि डीसी व्होल्टच्या जागेवर एक ठिपका, एसीच्या जागेवर दोन ठिपके लावले, वायर तपासायच्या बीपच्या जागेवर एक आडवी रेघ. आता तिची नणंद पण मीटर धरते. राजस्थानात तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजने (१९७२ पासून) हेच करून दाखवलंय, शाळेत न गेलेल्या आज्यांना रंगांवरून सर्किट शिकवलं आणि त्या आपल्या गावात सोलरच्या इंजिनिअर झाल्या. कागद-सर्टिफिकेट नंतर, आधी हातात पाना.

तिला तीन गोष्टी रोज: सकाळी ऊन चढायच्या आत प्लेटा पाण्याने पुसायच्या (तापलेल्या काचेवर गार पाणी नाही), ड्राइव्हच्या जाळीवरचं पीठ ब्रशने झाडायचं, वहीत हर्ट्झ आणि किलो लिहायचे. पिठाच्या धुळीचं लोकांना महत्त्व वाटत नाही, पण ड्राइव्हचा पंखा ती आत ओढतो, आत ऊब आणि ओल मिळाली की कार्डावर थर बसतो. म्हणून ड्राइव्ह वेगळ्या कप्प्यात, मधे विटांची भिंत. यात मी कोणाचं ऐकलं नाही.

३० एप्रिल

आखाजी (अक्षय तृतीया). चक्की बंद, आम्ही पण घरी. आंब्याचा रस, सांजोऱ्या. आईच्या हातचं खाऊन झोपले.

७ मे

अवकाळीने हाल केले. परवापासून वारा-पाऊस, काल गारा. प्लेटा शाबूत, शेडचा एक पत्रा उडाला. पण खरं नुकसान आमचुराचं. इथे या महिन्यात घरोघरी कैऱ्या सोलून, फोडी करून खडकावर वाळत घालतात, धडगाव-मोलगीचा आमचूर लांबलांबचे व्यापारी उचलतात, आणि पांढरा आमचूर असेल तरच भाव. पावसात भिजला की काळा पडतो, बुरशी धरतो, मग व्यापारी हात लावत नाही किंवा पाडून मागतो. आज ज्या घरात गेले तिथे काळ्या फोडींचा ढीग आणि माणसं गप्प. गटाचा पहिला मोठा हप्ता याच पैशातून जाणार होता.

बँकेच्या साहेबांना फोन केला, ते म्हणाले दिवाळीच्या हप्त्यात जोडू. बरं वाटलं. पण आता डोक्यात एकच, सोलर ड्रायर. काच किंवा यूव्ही शीटचं पेटीसारखं घर, आत जाळीचे ट्रे, छोट्या प्लेटवर चालणारा पंखा ओलसर हवा बाहेर टाकतो. पाऊस वरून, फोडी आत. धूळ-माशी पण नाही. पुढच्या मोसमाआधी करायचंच.

१२ जून

घरचे दिवे लागायला सुरुवात. पहिल्या खेपेची घरं झाली. महिन्याला १०० रुपये घरटी, ते आमच्याकडे नाही येत, पाड्याच्या वेगळ्या खात्यात जातात, सही गटाची अध्यक्ष आणि पाड्याच्या कारभाऱ्याची. त्यातून फक्त बॅटरी, बल्ब आणि दुरुस्ती करणाऱ्याचं मानधन. ज्याला महिन्याला जमत नाही तो मोसमात एकदम भरतो, वहीत नाव.

एका घरात बल्ब कुठे लावायचा यावर नवरा-बायकोचं चांगलंच वाजलं, त्याला ओटीवर पाहिजे, तिला चुलीपाशी. तीन बल्ब आहेत, दोन्हीकडे लावा म्हटलं तर तिसरा गोठ्यात पाहिजे यावर दोघांचं लगेच एकमत, साप-विंचू. पोरांच्या अभ्यासासाठी दिवा असं आम्ही प्रत्येक प्रस्तावात लिहितो, आणि तो होतोही, पण पहिली मागणी गोठा आणि चूल हीच असते. प्रस्तावात पण आता तसंच लिहिणार.

१० जुलै

आठवडा झाला सूर्य नाही. सातपुड्यात ढग एकदा बसला की उठत नाही. चक्की सकाळी अर्धा तास, दुपारी दहा मिनिटं, अशी. मला लोकांच्या रागाची भीती होती, पण गटाने स्वतःच मार्ग काढलाय. ऊन पडलं आणि ड्राइव्ह ३५ हर्ट्झच्या वर गेला की वहिनी शेडच्या बांबूवर लाल लुगडं चढवते, ते चारी टेकड्यांवरून दिसतं, मोबाईलला रेंज असो नसो. ज्या घरात बाळंतीण किंवा आजारी माणूस त्याचं दळण पहिलं, मग रांग. आणि जून संपेपर्यंत प्रत्येकीने पंधरा दिवसांचं पीठ जास्तीचं दळून ठेवायचं असं पुढच्या वर्षीसाठी ठरवलं. काही घरांत जातं परत खाली उतरलंय, त्याला इलाज नाही.

शहाद्याच्या ऑफिसात एकाने विचारलं बॅटरी का लावत नाही चक्कीला. दोन-अडीच किलोवॉटची मोटर दोन तास चालवायची तर पाच युनिटची बॅटरी, तिची किंमत अख्ख्या प्लेटांच्या वर, आणि वर्षातले ७-८ महिने तिची गरजच नाही. पीठ हीच आमची बॅटरी आहे, ऊन असताना दळून डब्यात भरायचं.

९ ऑगस्ट

आदिवासी दिवस, धडगावात मिरवणूक, ढोल, सगळा तालुका रस्त्यावर. वहिनी गटाबरोबर गेली होती, तिथे दुसऱ्या पाड्यावरच्या बायकांनी तिला घेरलं की आमच्याकडे कधी. तिने त्यांना आधी विचारलं तुमचा गट किती वर्षांचा, वही कोण लिहितं. मला फोनवर सांगताना तिचा आवाज वेगळाच होता. पुढच्या पाड्याचा सर्व्हे तीच करेल, मी सोबत जाईन.

२६ ऑगस्ट

खाली तापीकाठच्या एका शेतकरीदादांकडे गेले होते, मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेतला ५ एचपीचा पंप, अडीच ते पाच एकरवाल्याला तेवढ्यापर्यंत मिळतो, स्वतःचे १० टक्के भरले (अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्केच). पावसाळ्याचे चार महिने त्यांचा पंप बंद, प्लेटा नुसत्या उन्हात. कुसुम योजनेत युनिव्हर्सल कंट्रोलरची सोय आहे, त्याच प्लेटांवर पंप बंद असताना चक्की किंवा कुट्टी मशीन चालवता येतं. पण ही गोष्ट शेतकऱ्यापर्यंत पोचलेलीच नाही, दादांनी पहिल्यांदा ऐकलं. डोंगरात आम्ही एकेका प्लेटसाठी झगडतो आणि इथे पाच किलोवॉट चार-चार महिने मोकळे. यावर खालच्या गावांत वेगळं काम उभं करायला पाहिजे, टीमशी बोलायचंय.

२३ सप्टेंबर

कालपासून सोलरच्या सामानावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. पुढच्या पाड्याचं कोटेशन नव्याने मागवलं. जो फरक पडेल तो देणगीवाल्यांना परत न करता बॅटरीच्या खात्यात टाकू द्या असं पत्र लिहिलंय.

वहीचा हिशोब: जुलै-ऑगस्ट सोडले तर चक्कीने व्याज आणि वहिनीचं मानधन काढून हप्त्याचे पैसे बाजूला पडतायत. दर किलोला चार रुपये, खालच्या डिझेल चक्कीपेक्षा कमी. गटातल्या दोघी म्हणत होत्या पाच करू, बाकीच्यांनी ऐकलं नाही.

१४ ऑक्टोबर

टाकीवाला मिळत नाही. दगड गुळगुळीत झालाय, पीठ गरम येतंय आणि भाकरीला चिकटपणा राहत नाही म्हणून तक्रारी. खालच्या गावातला एकमेव टाकीवाला म्हातारा झालाय, वर चढत नाही. त्याच्याकडे पाड्यावरच्या दोन पोरांना आठवडाभर पाठवतोय, छिन्नी-हातोडी आम्ही देतो, त्याची मजुरी गट देईल. सोलरचं सगळं शिकवलं आणि दगडाची टाकी राहून गेली तर चक्की बंदच पडणार ना. हे काम कोणत्याच प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये नसतं.

१ नोव्हेंबर

दिवाळी झाली, मुकादमांच्या गाड्या यायला लागल्या. अर्धा पाडा ऊसतोडीला निघालाय, गुजरातकडे जास्त. चार-पाच महिने घरं बंद. बंद घरात प्लेट चालू, बॅटरी भरलेली पडून, उंदीर वायर कुरतडणार, चोरीची पण भीती. म्हणून बॅटरी जमा योजना: जाणाऱ्या घराने बॅटरी सोडवून चक्कीच्या खोलीत आणून द्यायची, निम्मी चार्ज असलेली, कारण लिथियम फुल्ल भरून ठेवण्यापेक्षा अर्धी भरलेली बरी राहते. वर घराच्या नावाची चिठ्ठी. वहिनी महिन्यातून एकदा मीटर लावून बघणार आणि वहीत लिहिणार. बाहेर असलेल्या महिन्यांचे १०० रुपये माफ, हे कारभाऱ्यांनीच मांडलं आणि सगळ्यांनी मान्य केलं.

आज दिवसभर बॅटऱ्या येत होत्या. एक मावशी बॅटरी फडक्यात बांधून घेऊन आली, देताना दोनदा विचारलं, माझीच परत मिळेल ना, दुसरीची नाही ना. नंबर लिहून दाखवला तेव्हा गेली.

ड्रायरचं डिझाइन फायनल करायचंय, फेब्रुवारीपर्यंत दोन तरी उभे पाहिजेत. कोटेशनमध्ये त्यांनी लोखंडी जाळीचे ट्रे धरलेत, ते चालणार नाहीत, कैरीचा आंबटपणा लोखंडाला लागला की फोड काळी पडते, स्टेनलेस किंवा फूड ग्रेड प्लॅस्टिकची जाळी लिहून पाठवली. ट्रेची रुंदी बायकांना विचारूनच, दोघींना धरून उचलता आला पाहिजे.